साहस, जोखीम आणि जबाबदारी : ब्रिटनमधील युवक-मोहिमांच्या सुरक्षेचा इतिहास

'साहस' हा शब्द आज आपण ज्या कौतुकाने उच्चारतो, ते कौतुक त्याच्या वाट्याला बरेच उशिरा आले. स्मृतिग्रंथांत साहस हे अठरा व्यवहारपदांपैकी एक, म्हणजे न्यायसभेपुढे येणाऱ्या तंट्याचा एक प्रकार होय. 'सहस्' म्हणजे बळ, व बळाच्या जोरावर केलेले कृत्य ते साहस, अशी नारदाची फोड आहे. दंडाच्या पायऱ्यांनाही प्रथम, मध्यम व उत्तम साहस अशीच नावे असून मनुस्मृतीत त्यांची मर्यादा अनुक्रमे २५०, ५०० व १००० पण अशी सांगितली आहे. गुन्ह्याचे नाव असलेला हा शब्द पुढे धाडसाचे व पराक्रमाचे नाव झाला, आणि आता 'साहसी उपक्रम' या जोडशब्दात तो शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांतही निर्धास्तपणे वावरतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र शब्दाचा नसून वस्तूचा आहे. मुलांचे गट डोंगरावर वा पाण्यावर नेण्याची प्रथा ब्रिटनमध्ये कशी रुजली, तिच्यातून घडलेल्या मृत्यूंकडे तेथील समाजाने कसकसे पाहिले आणि मोहिमेची आखणी ही सवडीची बाब न राहता कायद्याची बाब कशी झाली, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे. शब्दांचा आधार मधूनमधून घ्यावा लागेल. तो प्रस्तुत लेखकाचा व्यवसायच असल्यामुळे वाचकांनी क्षमा करावी.

या प्रथेचा आरंभ सामान्यतः ऑगस्ट १९०७ मधील ब्राउनसी बेटावरील शिबिरापासून धरतात. बेडन-पॉवेल यांनी वीस-बावीस मुले जमवून त्यांची चार पथके केली. त्यांत उच्चभ्रू शाळांतली मुले होती, तशीच कामकरी घरांतलीही होती. पहिल्यांकडून एक पौंड व दुसऱ्यांकडून साडेतीन शिलिंग शुल्क घेतले गेले. शिबिर लहान होते व प्रमुख स्वतः लष्करी अनुभवाचा होता. पुढच्याच वर्षी 'स्काउटिंग फॉर बॉइज' प्रसिद्ध झाले आणि गावोगावी पथके निघू लागली. येथेच पहिली अडचण उद्भवते. शिबिराची पद्धत पुस्तकातून पसरली. ब्राउनसीच्या प्रमुखाचा अनुभव पुस्तकातून पसरणे शक्य नव्हते.

४ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनच्या वॉलवर्थ भागातील स्काउट मुलांची शिडाची नाव शेपी बेटाजवळ लेसडाउनच्या किनाऱ्यालगत वाऱ्याच्या अकस्मात झोतात उलटली. आठ स्काउट व एका प्रशिक्षण-नौकेवरील एक मुलगा असे नऊ जण बुडाले. नौदलाच्या युद्धनौकेवरून त्यांचे देह लंडनला आणण्यात आले व सारे शहर शोकाकुल झाले. या शोकाची तऱ्हा ध्यानात घेण्याजोगी आहे. मुलांना मान मिळाला तो कर्तव्यावर पडलेल्या सैनिकांचा. इतकी मुले घेऊन त्या नावेने त्या पाण्यात जावे की नाही, हा प्रश्न त्या मिरवणुकीत कोठेच ऐकू येत नाही. वारा आला, नाव उलटली. वाऱ्याला जाब कोण विचारणार?

दुसऱ्या महायुद्धापासूनचा काळ वेगळा होता. १९४१ मध्ये वेल्समधील अॅबरडोव्ही येथे कुर्ट हान यांनी जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांच्या साहाय्याने 'आउटवर्ड बाउंड' शाळा काढली. बंदर सोडून निघालेल्या जहाजाला खलाशी ज्या शब्दांनी ओळखतात, तेच शब्द शाळेचे नाव झाले. हेतू होता तो तरुण व्यापारी खलाशांना संकटात तग धरण्यास शिकविण्याचा. १९४४ च्या शिक्षणविषयक कायद्याने स्थानिक शिक्षण-प्राधिकरणांवर शिबिरे व मैदानी करमणुकीच्या सोयींची जबाबदारी टाकली. पुढील दोन दशकांत अशा प्राधिकरणांनी डोंगराळ भागांत आपापली केंद्रे उघडली. १९५६ मध्ये सुरू झालेल्या ड्यूक ऑफ एडिंबरो पुरस्कार-योजनेचे पहिले संचालक जॉन हंट हे १९५३ च्या एव्हरेस्ट-मोहिमेचे नेते होते. या योजनेत मुलांचा लहान गट स्वतःच्या बळावर वाट काढतो आणि मोठी माणसे मागे राहून लक्ष ठेवतात. शिक्षणदृष्ट्या ही कल्पना मोलाची आहे यात शंका नाही. पण मागे किती अंतरावर राहावयाचे हे ठरविण्यातच सारे कौशल्य आहे. १९६४ मध्ये डोंगरावरील नेत्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. प्रमाणपत्र मात्र ऐच्छिकच राहिले.

नोव्हेंबर १९७१ मधील केर्नगॉर्मची दुर्घटना या पार्श्वभूमीवर घडली. तिचा तपशील जरा विस्ताराने देणे आवश्यक आहे, कारण आखणीच्या इतिहासात तिच्याइतकी बोधक घटना दुसरी नाही. एडिंबरोतील एका शाळेची पंधरा-सोळा वर्षांची मुले शनिवार-रविवारच्या मोहिमेवर स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म पठारावर गेली. पठाराची उंची सुमारे अकराशे ते बाराशे मीटर. आकड्यावर जाणाऱ्या आपल्याकडील वाचकास ती कळसूबाईहूनही कमी वाटेल. परंतु तेथील हिवाळा ध्रुवप्रदेशाच्या जातीचा आहे, आणि नोव्हेंबरात दिवस दुपारीच कलतो. मुलांचे दोन गट केलेले होते. सबळ मुलांचा गट अनुभवी मार्गदर्शकाबरोबर पुढे गेला. दुर्बळ गटात सहा मुले होती. त्यांच्याबरोबर वीस वर्षांची मार्गदर्शिका व अठरा वर्षांची प्रशिक्षणार्थी साहाय्यिका. हवा बिघडल्यास पठारावरील 'करन' नावाच्या दगडी निवाऱ्यात थांबावयाचे ठरले होते. हवा बिघडली. पहिला गट त्या निवाऱ्यात पोहोचला. दुसऱ्या गटाला वादळी बर्फात तो सापडला नाही, व त्यांनी उघड्यावर दोन रात्री काढल्या. शोधपथक पोहोचले तेव्हा पाच मुले व ती साहाय्यिका मृत्यू पावली होती. मार्गदर्शिका व एक मुलगा वाचले.

येथे निष्काळजीपणा हा शब्द सहज ओठांवर येतो, पण तो पुरेसा नाही. या मोहिमेस आखणी होती, पर्यायी योजनाही होती. दोष आखणीच्या रचनेत होता. दुर्बळ मुलांकडे कमी अनुभवाची माणसे देण्यात आली, कारण दुर्बळ गटाची वाट सोपी असे गृहीत धरले होते. वाट सोपी असते ती चांगल्या हवेत. दुसरे असे की, संकटकाळी जेथे जावयाचे ते ठिकाणच संकटकाळी शोधण्यास सर्वांत कठीण होते. बर्फाखाली दडणारा निवारा नकाशावर आश्वासक दिसतो, आणि त्या आश्वासनावर विसंबून माणसे जेथून परत फिरावयाचे तेथून पुढे जातात. बॅन्फ येथे फेब्रुवारी १९७२ मध्ये झालेल्या चौकशीत व तिच्यानंतरच्या वादात हाच प्रश्न ऐरणीवर आला : पठारावरील निवारे जीव वाचवितात की घेतात? गिर्यारोहकांत दोन तट पडले. अखेर १९७५ मध्ये करन व सेंट व्हॅलरी हे दोन निवारे पाडण्यात आले. सुरक्षेसाठी बांधलेली वास्तू सुरक्षेसाठीच पाडावी लागली, हे वाचताना क्षणभर विचित्र वाटते. परंतु पर्यायी योजनेची कसोटी ती कागदावर आहे की नाही ही नसून, जेव्हा तिची गरज पडेल तेव्हाच्या हवेत, तेव्हाच्या उजेडात व तेव्हाच्या थकव्यात ती पार पाडता येईल की नाही ही होय, हे त्यामागील तर्कशास्त्र निर्विवाद आहे.

याच सुमारास नेत्यांच्या प्रमाणपत्रावरून गिर्यारोहकांच्या संघटना व प्रशिक्षण-मंडळ यांच्यात तीव्र कलह माजला. प्रमाणपत्राने डोंगरावरचे तारतम्य येत नाही, असे एक पक्ष म्हणे. तारतम्य आहे हे पालकांनी ओळखावे तरी कशावरून, असे दुसरा पक्ष विचारी. हंट यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९७५ मध्ये यावर अहवाल दिला. दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे होते असे आमचे मत आहे, आणि म्हणूनच तो कलह मिटण्यास इतका वेळ लागला.

तिसरी घटना २२ मार्च १९९३ ची. प्लिमथ येथील आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक व दोन प्रशिक्षक असे अकरा जण लाइम रेजिस येथून कयाक नावांतून किनाऱ्याकिनाऱ्याने सुमारे दोन मैलांवरील चारमथकडे निघाले. शिक्षकांची नाव वारंवार उलटू लागली. एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला, दुसरी मुलांना एकत्र धरून राहिली. आणि जमिनीकडून वाहणाऱ्या वाऱ्याने मुलांचा पुंजका खोल समुद्रात नेला. संकटाची खूण देणारे अग्निबाण जवळ नव्हते, प्रशिक्षकांची पात्रता अगदी प्राथमिक होती, आणि दुपारी परतावयाचा गट परतला नाही तरी तटरक्षकांना वर्दी जाण्यास फार उशीर झाला. थंड पाण्यात चार विद्यार्थी मृत्यू पावले.

खटल्यात जे उघडकीस आले ते याहून गंभीर होते. आदल्याच वर्षी त्या केंद्रातील दोन प्रशिक्षकांनी नोकरी सोडताना संचालकास पत्र लिहून तेथील सुरक्षाव्यवस्थेविषयी स्पष्ट इशारा दिला होता. तो दुर्लक्षिला गेला. डिसेंबर १९९४ मध्ये विंचेस्टर येथील न्यायालयाने केंद्र चालविणाऱ्या कंपनीस मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून ६०,००० पौंड दंड केला. इंग्लंडच्या कायद्यात एखादी कंपनी या गुन्ह्यासाठी दोषी ठरण्याची ही पहिलीच वेळ. संचालकास तीन वर्षांचा कारावास झाला. अपिलात तो दोन वर्षांचा करण्यात आला. १९९५ मध्ये पार्लमेंटने साहस-केंद्रांतील अल्पवयीनांच्या सुरक्षेचा कायदा केला व पुढील वर्षापासून परवाना-पद्धत अमलात आली. गिर्यारोहण, गुहाभ्रमण, रानावनातील पदभ्रमण व जलक्रीडा हे चार प्रकार अठरा वर्षांखालील मुलांना मोबदला घेऊन पुरविणाऱ्यांना परवाना अनिवार्य झाला. आपल्याच विद्यार्थ्यांना नेणाऱ्या शाळा आणि आपल्याच सदस्यांना नेणाऱ्या स्वयंसेवी संस्था मात्र त्यातून वगळल्या गेल्या. १९१२ व १९७१ या दोन्ही मोहिमांमागे नफा कमावणारी कंपनी नव्हती, ही गोष्ट त्या अपवादाचा विचार करताना विसरता येत नाही.

ऐंशी वर्षांच्या या वाटचालीत मृत्यूचे नाव दोनदा बदलले. १९१२ मध्ये ते दैव होते, १९७१ मध्ये तज्ज्ञांनी वाद घालावा अशी चूक झाले, १९९४ मध्ये गुन्हा. 'साहस' या शब्दाने आपल्याकडे जो प्रवास गुन्ह्याकडून गौरवाकडे केला, त्याच्या नेमका उलट प्रवास तेथे घडला.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने जून २०१४ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षेसाठी सूचना काढल्या, जुलै २०१८ मध्ये त्या सुधारून नव्याने प्रसृत केल्या, आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांची नोंदणी त्यात घातली. या लेखनाची परिभाषा अभ्यासण्याजोगी आहे. विशेषतः 'जोखीम' या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'जोखणे' म्हणजे वजन करणे, अजमावणे. मराठीत जोखीम म्हणजे धोका, आणि जोखीम म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेला मौल्यवान ऐवजही. प्रवासात 'जवळ जोखीम आहे' असे जुनी माणसे दागिन्यांविषयी म्हणत. हे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदविणारी भाषा मुलांच्या मोहिमेस फार जवळची आहे. उलट 'सहल' हा शब्द अरबी 'सह्ल', म्हणजे सोपे, सपाट, यावरून आलेला, तर 'मोहीम' हा 'मुहिम्म', म्हणजे महत्त्वाचे, यावरून. एकाच कार्यक्रमाला सूचनाफलकावर मोहीम व पालकांना पाठविलेल्या पत्रात सहल म्हटलेले प्रस्तुत लेखकाने एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

त्या पत्रासोबत संमतिपत्र असते. विद्यार्थ्यांबरोबर जाण्याच्या निमित्ताने अशी कित्येक संमतिपत्रे हाताखालून गेली. मजकूर बहुधा एकच : 'काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.' 'बरेवाईट' या समासात बरे नावालाच आहे. अर्थ सर्वस्वी वाईटाचा, आणि तोही उच्चारावयाचा नाही म्हणून झाकलेला. 'जबाबदार' हा फार्सी शब्द जबाब देणाऱ्याचा वाचक आहे. केर्नगॉर्मच्या चौकशीनंतर ब्रिटनमध्ये पालकांच्या संमतीविषयी जी चर्चा झाली, तिचा रोख असा होता की पालकास जागेचे नाव, हवेचा स्वभाव, वाटेची अवघडता व बरोबरच्या माणसांचा अनुभव हे आधी कळले पाहिजे; मगच त्याच्या सहीला संमती म्हणता येईल. आमच्या संमतिपत्रांत डोंगराचे नावदेखील अनेकदा नसते. निघण्याची वेळ, परतण्याची वेळ आणि वर्गणीची रक्कम तेवढी असते.