मालवण बंदराची वाट

नकाशात पाहिलेत तर मालवणचा किनारा अगदी साधा दिसेल. पण शिडाच्या होडीतून पश्चिमेकडून त्या बंदरात शिरलेल्या माणसाला विचारा! सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली जी खडपे पसरली आहेत, ती मोजणार कोण? काही ओहोटीला डोके वर काढतात, काही कधीच काढीत नाहीत.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, तो हे सारे पाहूनच. जंजिऱ्याचा सिद्दी हाती लागत नव्हता. इंग्रज-पोर्तुगीजांची खोल बुडाची जहाजे समुद्रावर हिंडत होती. ती जिथे यायला कचरतील आणि आपली उथळ बुडाची गलबते मात्र शिरतील, अशी जागा हवी होती.

आता आत शिरायचे कसे? तांडेल आधी भरतीची वेळ बघतो. ओहोटी संपून पाणी चढू लागले की निघायचे. तेव्हा बरेचसे खडक उघडे असतात, आणि होडी टेकलीच तर चढते पाणी तिला उचलून घेते. उतरत्या पाण्यात टेकली, तर मग बसा पुढच्या भरतीची वाट बघत! सकाळी सूर्य समोरून डोळ्यांवर येतो, पाणी नुसते चकाकते. दुपार कलली की पाठीवरच्या उन्हात बुडालेला खडक तपकिरी डागासारखा दिसतो. पण नेमका तेव्हाच खारा वारा जोर धरतो, होडीला आत ढकलतो, आणि उलटे फिरायला जागा नसते. म्हणून शहाणा माणूस शीड आधीच उतरवून वल्ही हाती घेतो. नाळेवर एकजण शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडीत खोली सांगतो. किनाऱ्यावरचे देऊळ आणि त्यामागचे झाड अशा दोन खुणा एका रेषेत धरायच्या. रेष सुटली की थांबायचे. लाट फुटते तिथे खडक, हे कोणीही ओळखील. समुद्र अगदी शांत असला की लाटच फुटत नाही. खरी भीती त्या दिवशी.

गुरुजी, मुलांना हे जरूर सांगा, की या खुणा कागदावर नव्हत्या, कोळी-गाबितांच्या घरात होत्या. बेट दाखविणाऱ्या कोळ्यांना महाराजांनी इनाम दिले, असे सांगतात.

खडकांवर सारा भार टाकून मात्र चालत नाही. १७६५ साली मुंबईकर इंग्रजांनी हा किल्ला घेतलाच, आणि 'फोर्ट ऑगस्टस' असे त्याचे बारसेही केले! पुढच्याच वर्षी पैसे घेऊन तो कोल्हापूरकरांना परत दिला. १८१२च्या तहाने मालवण पुन्हा इंग्रजांकडे गेले.

आज होड्यांना यंत्रे आली. तरी किल्ल्याकडे जाणारी होडी धोंतारा आणि पद्मगड यांच्यामधल्या अरुंद वाटेनेच जाते. कधी बसलात तर होडीवाल्याला विचारा, बाबा, तू खूण कुठली धरतोस?