काळ्या पाषाणाचा पूर्वेतिहास



खुलताबादचें नांव काढलें कीं औरंगजेबाची साधी कबर आठवते. आणि घाट उतरून वेरुळास गेलें कीं आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा कृष्ण याच्या अमदानींत कोरलेलें कैलास लेणें समोर उभें राहतें. परंतु ज्या काळ्या पाषाणांत हा इतिहास कोरला गेला, त्या पाषाणाचा स्वतःचा इतिहास आपण क्वचितच विचारतों. तो सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांमागचा असून त्याचा पुरावा दगडाच्याच पोटांत आहे.

भूमीच्या भेगांतून वाहून आलेल्या शिलारसाचे थरावर थर गोठून हे डोंगर झाले. दगडाच्या पोकळ्यांत सांपडणारे शुभ्र, पाणीदार स्फटिक पाहून आपण हरखतों. पण ते मागाहून झिरपलेल्या पाण्यांतून बनलेले. खरे साक्षीदार काळ्या दगडांत घट्ट रुतलेले बारीक स्फटिक होत.

खडक घांसून कागदासारखा पातळ केला तर तो सूक्ष्मदर्शकाखालीं वाचतां येतो, हें १८५८ सालीं इंग्लंडांतील सॉर्बी यांनीं दाखविलें. पुढें वॉशिंग्टन येथील बोवेन यांनीं खनिजें भट्टींत वितळवून तीं कोणत्या क्रमानें गोठतात हें पाहिलें, आणि १९२८ सालीं आपला सिद्धांत ग्रंथरूपानें मांडला. तो समजण्यास मिठागर आठवावें. मीठ धरलें कीं उरलेलें पाणी कडू होतें. कारण मीठ निघून जातें व दुसरे क्षार मागें राहतात. शिलारसाचेंही तसेंच. ऑलिव्हिन नांवाचें खनिज आधीं गोठतें व मॅग्नेशियम घेऊन जातें; प्लॅजिओक्लेज प्रथम कॅल्शियम अधिक घेतें, आणि रस निवत जाईल तसतसें त्यांत सोडियम वाढतें. म्हणून एकाच रसापासून निरनिराळे खडक होऊं शकतात. आणि स्फटिकाचें एकेक वलय म्हणजे बखरीचें एकेक पान ठरतें. गाभ्याकडून कडेकडे वाचीत जातां मध्येंच कॅल्शियम पुन्हां वाढलेलें दिसलें, तर भूगर्भांतील कोठारांत ताजा, ऊन रस येऊन मिसळला असावा असें अनुमान निघतें. १९५१ सालीं फ्रान्समध्यें कास्तँ यांनीं इलेक्ट्रॉनांच्या झोतानें मिलिमीटरच्या सहस्रांशाएवढ्या जागेचें रसायन तपासण्याची रीत सिद्ध केली, आणि हें वाचन नेमकें झालें.

आपल्याच सह्याद्रींत, इगतपुरीजवळील थळघाटांत, कित्येक सेंटिमीटर लांबीचे प्लॅजिओक्लेज स्फटिक असलेला थर आहे. उघड्यावर निवणाऱ्या रसांत इतके मोठे स्फटिक वाढणें शक्य नाहीं. ते खोल कोठारांत सावकाश वाढले व मग रसाबरोबर वर आले. मुंबईच्या आय. आय. टी.तील सुब्बराव व त्यांचे परदेशी सहकारी यांनीं १९८० नंतरच्या दशकांत सह्याद्रीचे थर रसायनावरून ओळखून त्यांचा क्रम लाविला. 'बुशे' थरांत जुन्या भूकवचाची भेसळ पुष्कळ, तर 'अंबेनळी' थरांत ती अत्यल्प आढळते. डोळ्यांना सारखेच काळे दिसणारे थर जन्मानें असे निराळे आहेत.

याच सुमारास डायनोसॉर नामशेष झाले. उल्केचा आघात हें त्याचें मुख्य कारण मानलें जातें. पण दख्खनच्या शिलारसांतून निघालेल्या वायूंचा त्यांत वांटा किती, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. रस किती काळ भूगर्भांत मुरला आणि किती त्वरेनें बाहेर पडला, हें या स्फटिकांनाच विचारावें लागतें. वेरुळास जाल तेव्हां शिल्पांचें कौतुक अवश्य करावें. पण छिन्नीखालच्या पाषाणासही एक बखर आहे, हें विसरूं नये.