ख्रिस्ती योगसाधना
आसन, प्राणायाम व ध्यान यांची ख्रिस्ती प्रार्थनेशी घातलेली सांगड. या साधनेचे मोठे प्रवर्तक म्हणजे मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो (१९३१–८७). त्यांच्या ‘साधना’ (१९७८) या इंग्रजी ग्रंथातली पद्धत साधी: पाठ ताठ ठेवावी, नाकपुड्यांतून येणारा-जाणारा श्वास न्याहाळावा, पुढे तो श्वासच देवाचे सान्निध्य मानावा. व्हॅटिकनने १९८९ मध्ये अशा पद्धतींबाबत सावधगिरीचा इशारा दिला. सरसकट नकार दिला नाही. १९९८ मध्ये डिमेलोंच्या काही मतांवर व्हॅटिकनने आक्षेप घेतला. रोख आसनांवर नव्हता, ईश्वर व ख्रिस्त यांविषयीच्या मांडणीवर होता. हा भेद चर्चेत बहुधा निसटतो.