विंडोज 10 चा सपोर्ट संपला, मग घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा का?

कॉम्प्युटर सुरू केला की स्क्रीनभर एक सूचना येते. विंडोज 10 चा सपोर्ट संपला आहे, आता विंडोज 11 वर या. काही घरांत त्याच सूचनेत पुढे 'तुमचा पीसी यासाठी पात्र नाही' असंही लिहिलेलं असतं. मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेला, आजही व्यवस्थित चालणारा लॅपटॉप एका ओळीत टाकाऊ ठरतो. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "नवीनच घ्या."

पण बऱ्याच घरांत नवीन घ्यायची गरज नसते. आधी नेमकं काय बंद झालंय ते समजून घेऊ.

मायक्रोसॉफ्टने 29 जुलै 2015 रोजी विंडोज 10 आणली आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजी तिचा मोफत सपोर्ट थांबवला. याचा अर्थ कॉम्प्युटर बंद पडणार असा नाही. फाइली उघडतील, इंटरनेट चालेल, प्रिंटही निघेल. थांबले ते दर महिन्याला येणारे सुरक्षा अपडेट. म्हणजे विंडोजमध्ये नवीन पळवाट सापडली, तर ती बुजवायला कोणी येणार नाही.

हा धोका किती खरा आहे, हे 2017 मध्ये दिसलं. विंडोजमधल्या एका त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही, त्यांच्या मशीनवर मे महिन्यात 'वॉनाक्राय' खंडणी व्हायरस पसरला. जूनमध्ये त्याच त्रुटीचा वापर करणाऱ्या 'नॉटपेट्या'ने जगभरच्या कंपन्यांना फटका दिला. नवी मुंबईतल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही तेव्हा विस्कळीत झालं होतं. तेव्हा दुरुस्ती निदान उपलब्ध तरी होती. सपोर्ट संपलेल्या विंडोजसाठी ती सहसा तयारच होत नाही. ज्या कॉम्प्युटरवर नेट बँकिंग होतं आणि आधार-पॅनचे स्कॅन ठेवलेले असतात, तिथे ही बाब 'बघू नंतर' म्हणण्यासारखी नाही.

तुमचा कॉम्प्युटर विंडोज 11 घेऊ शकतो का?

कागदावरच्या अटी मोठ्या वाटत नाहीत: 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा, यूईएफआय, सिक्युअर बूट, टीपीएम 2.0 आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर. बहुतेक लोक रॅमकडे बघतात, पण जुने कॉम्प्युटर अडकतात ते शेवटच्या दोन अटींवर.

इंटेलच्या बाबतीत ढोबळ रेषा आठव्या पिढीची आहे. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि मग 'अबाउट' उघडलं की प्रोसेसरचं नाव दिसतं. आय5-8250यू असं लिहिलं असेल तर आठवी पिढी, म्हणजे चालेल. आय5-7200यू असेल तर सातवी, म्हणजे नाही. आय5-10210यू म्हणजे दहावी. एएमडीमध्ये साधारणपणे रायझन 2000 मालिकेपासून पुढचे बहुतेक प्रोसेसर चालतात.

गंमत अशी, की सातव्या आणि आठव्या पिढीचे लॅपटॉप काही काळ दुकानात शेजारी शेजारी विकले जात होते. त्यामुळे काही महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या, दिसायला सारख्याच दोन लॅपटॉपपैकी एक पात्र ठरतो आणि दुसरा नाही. सातव्या पिढीच्या अनेक मशीनमध्ये टीपीएम 2.0 असूनही त्या यादीबाहेर आहेत. सुरक्षा आणि स्थिरता ही कारणं मायक्रोसॉफ्ट देते. त्यात तथ्य आहे, पण चालू मशीन भंगारात जाण्याची किंमत ग्राहक मोजतो हेही खरंच. या निर्णयामुळे सुमारे 24 कोटी कॉम्प्युटर ई-कचऱ्यात जाऊ शकतात, असा अंदाज 'कॅनालिस' या बाजार संशोधन संस्थेने डिसेंबर 2023 मध्ये मांडला होता.

इतकी आकडेमोड नको असेल तर मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप घ्या. नेमकी कोणती अट अडते ते त्यात दिसतं.

'पात्र नाही' म्हणजे दरवेळी 'पात्र नाही' नसतं

सगळ्यात जास्त गोंधळ असेंबल्ड डेस्कटॉपचा होतो. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या किंवा गावातल्या दुकानदाराकडून बनवून घेतलेल्या पीसीत प्रोसेसर आठव्या-नवव्या पिढीचा असतो, तरी 'टीपीएम नाही' असा संदेश येतो. अनेकदा टीपीएम असतो, फक्त बंद असतो. इंटेलच्या बोर्डवर तो 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डवर 'एफटीपीएम' या नावाने बायोसमध्ये सापडतो. तो 'इनेबल' केला की पहिली अडचण सुटते. चालू झाला की नाही हे 'विंडोज सिक्युरिटी'तल्या 'डिव्हाइस सिक्युरिटी'मध्ये कळतं. तिथे 'सिक्युरिटी प्रोसेसर डिटेल्स'खाली आवृत्ती 2.0 दिसायला हवी.

दुसरी अडचण जरा नाजूक आहे. असे अनेक पीसी जुन्या 'लेगसी' बूट पद्धतीवर चालतात आणि त्यांची डिस्क 'एमबीआर' प्रकारची असते. बायोसमध्ये थेट यूईएफआय निवडलं तर विंडोज सुरूच होत नाही, आणि घरात हाहाकार उडतो. डेटा गेलेला नसतो. सेटिंग पुन्हा 'लेगसी' केलं की सगळं पूर्ववत होतं. योग्य क्रम असा: आधी बॅकअप, मग डिस्क 'जीपीटी' प्रकारात बदलणं, आणि त्यानंतर बायोस बदलणं. डिस्क बदलण्यासाठी 'एमबीआर2जीपीटी' हे साधन विंडोज 10 मध्येच दिलेलं आहे. कमांड लिहायची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या. पण 'मदरबोर्डच बदलावा लागेल' असं कोणी म्हणालं, तर आधी पीटीटी तपासला का, हे जरूर विचारा.

जुन्या हार्ड डिस्कवर अपग्रेड करू नका

विंडोज 11 साठी एसएसडी असलीच पाहिजे अशी अट नाही. पण फिरत्या हार्ड डिस्कवर ती टाकली, तर सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो. जुना कॉम्प्युटर 'स्लो' होण्यामागे प्रोसेसरपेक्षा ही डिस्कच जास्त वेळा दोषी असते. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी सहज बसते, आणि तिचा खर्च नव्या लॅपटॉपच्या तुलनेत किरकोळ असतो. रॅम 4 जीबी असेल तर ती 8 करा. अट 4 चीच असली तरी ब्राउझरच्या चार टॅब उघडल्यावर ती कमी पडते.

खरंच पात्र नसेल तर?

पहिला मार्ग म्हणजे थोडी मुदत घेणं. 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स' या योजनेत घरगुती ग्राहकांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. त्यासाठी विंडोज 10 ची 22एच2 ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप खात्याशी जोडला तर पैसे लागत नाहीत. नाहीतर 1000 रिवॉर्ड पॉइंट किंवा 30 डॉलर, तेही स्थानिक चलनात आणि करासह. नोंदणीची लिंक 'विंडोज अपडेट'च्या पानावरच येते.

दुसरा मार्ग लिनक्सचा. लिनक्स मिंट किंवा उबुंटू मोफत आहेत, आणि पेनड्राइव्हवरून चालवून आधी बघता येतात. मशीनवर काहीही न पुसता वायफाय, आवाज आणि प्रिंटर चालतात का ते कळतं. यूट्यूब, ईमेल, ऑनलाइन फॉर्म आणि मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल, तर हा पर्याय उत्तम. घरात टॅलीवर हिशेब होत असतील तर मात्र नाही.

तिसरा मार्ग व्हिडिओंमध्ये सर्रास सांगितला जातो: तपासणी चुकवून विंडोज 11 टाकायची. ती बसते, चालतेही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेटसाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. दुसरा उपाय असताना हा मार्ग धरू नये.

बटण दाबण्याआधी

विंडोज 10 अधिकृत असेल तर अपग्रेड मोफत आहे. दुकानदाराने 'टाकून दिलेली' विना-लायसन्स प्रत अपग्रेडनंतर अधिकृत होत नाही. सेटिंग्जमधून अपग्रेड केल्यास फाइली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात, तरीही फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. डाउनलोड काही जीबींचं असतं, त्यामुळे रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल हॉटस्पॉटवर ते अर्धवट अडकू शकतं. लॅपटॉपला चार्जर लावून ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर वीज जाण्याच्या वेळा टाळा. बिटलॉकर सुरू असेल तर बायोसला हात लावण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवा. ती नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला उघडता येणार नाही.

मराठी घरांसाठी आणखी एक गोष्ट. श्री-लिपीसारख्या जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेल्या लग्नपत्रिका, सोसायटीची इतिवृत्तं, आजोबांचे लेख अनेक कॉम्प्युटरमध्ये पडून असतात. सरळ अपग्रेडमध्ये फॉन्ट टिकतात. पण विंडोज नव्याने टाकली किंवा लिनक्सवर गेलात आणि फॉन्ट राहून गेला, तर तोच मजकूर निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. अशा फाइलींची पीडीएफ आधीच काढून ठेवा, महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि फॉन्टच्या फाइलीही बॅकअपमध्ये टाका.

अपग्रेडनंतर प्रिंटर रुसला किंवा एखादा प्रोग्रॅम चालेना, तर सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'त 'गो बॅक' हा पर्याय मिळतो. तो फक्त 10 दिवस असतो. म्हणून प्रिंटर, स्कॅनर आणि बँकेची साइट पहिल्याच आठवड्यात वापरून बघा, आणि तोवर डिस्क साफ करण्याच्या नादात 'विंडोज.ओल्ड' हे फोल्डर पुसू नका.