भूल उतरल्यानंतर

घरात कुणाचं पित्ताशयाचं किंवा अपेंडिक्सचं ऑपरेशन ठरलं की नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, "दुर्बिणीतून ना?" हो म्हटलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पोटावर तीन-चार छोटी छिद्रं, मोठा छेद नाही, लवकर घरी. यात खोटं काही नाही. पण त्यासोबत आपण आणखी एक गोष्ट गृहीत धरतो: छेद लहान, म्हणजे दुखणंही लहान. वैद्यकाला हे गृहीतक तपासायला बराच काळ लागला, आणि त्यामागे सव्वाशेहून जास्त वर्षांची एक गोष्ट आहे.

16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर देऊन रुग्णाला गुंगी आणली आणि शस्त्रक्रियेचा इतिहास बदलला. पण ईथर आख्ख्या माणसाला झोपवत होतं. जाग आली की वेदना तिथेच, वाट बघत बसलेली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. एक पोर्ट बंद करायचा म्हणून कुणी आख्खा सर्व्हर बंद करत नाही. वैद्यकात मात्र बरीच वर्षं दुसरा पर्यायच नव्हता.

तो मिळाला 1884 मध्ये, व्हिएन्नात. सिग्मंड फ्रॉइड तेव्हा कोकेनचे गुण तपासत होता. त्याचा तरुण सहकारी कार्ल कोलर याच्या लक्षात आलं की कोकेनने जीभ बधिर होते, तर डोळाही होईल. प्राण्यांवर आणि स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग करून त्याने खात्री केली. सप्टेंबरमध्ये हायडेलबर्गला नेत्रतज्ज्ञांची परिषद होती, पण कोलरकडे प्रवासाला पैसे नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्याच डॉक्टरने वाचून दाखवला. माणूस जागा असताना शरीराचा एकच भाग बधिर करता येतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड आणि रिचर्ड हॉल यांनी लगेच पुढचं पाऊल टाकलं. जिथे कापायचं तिथे औषध टोचण्याऐवजी त्यांनी ते त्या भागातून निघणाऱ्या नसेभोवती टोचलं. जबड्यातली एक नस बधिर केली की त्या बाजूचे खालचे दात बधिर. दाढ काढताना आजही हेच होतं. पण हे प्रयोग ते स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर करत होते, आणि कोकेनचं व्यसन लागतं याची कल्पना कुणालाच नव्हती. हॉलस्टेड त्यात अडकला. उपचारासाठी दाखल झाला, बाहेर आला तो मॉर्फिनची सवय घेऊन. पुढे जॉन्स हॉपकिन्सचा प्रख्यात सर्जन झाला, पण व्यसन सुटलं नाही. नस बधिर करण्याच्या विद्येची किंमत तिच्या पहिल्याच पिढीने अशी चुकवली.

1898 मध्ये जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बीअर आणि त्याचा सहायक हिल्डेब्रांट यांनी पाठीच्या कण्यात कोकेन देऊन पाहिलं, तेही एकमेकांवर. बीअरवरचा प्रयोग फसला, कारण सिरिंज सुईवर नीट बसेना. हिल्डेब्रांटचे पाय मात्र बधिर झाले. मग बीअरने त्याच्या नडगीवर हातोडी मारली, मांडीला पेटती सिगार टेकवली. काही कळलं नाही! नंतर दोघांनी वाइन घेतली. बीअर पुढे नऊ दिवस डोकेदुखीने अंथरुणावर होता. सिझेरियनच्या वेळी पाठीत देतात त्या इंजेक्शनची ही जन्मकथा.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो अमेरिकन सर्जन जॉर्ज क्राइल. 1910 च्या दशकात त्याने मांडलं की रुग्ण झोपलेला असला तरी जखमेचे संदेश नसांमधून मेंदूकडे जातच राहतात. म्हणून गुंगी द्याच, पण जखमेकडून येणाऱ्या वाटाही बंद करा. शरीरावरच्या आघाताबद्दलचे त्याचे सगळे सिद्धांत टिकले नाहीत, पण दोन्ही उपाय एकत्र वापरायची कल्पना टिकली. दरम्यान कोकेनची जागा नोव्होकेनने घेतली, मग लिग्नोकेन आलं आणि 1957 मध्ये जास्त तास टिकणारं ब्युपिव्हकेन.

आता दुर्बिणीकडे येऊ. 1985 मध्ये जर्मनीत एरिक म्यूहेने दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हा त्याच्याच क्षेत्रातल्या लोकांनी थट्टा केली. पाच वर्षांत ती थांबली. 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी भारतात ही शस्त्रक्रिया सुरू केली. मोठा छेद गेला, आणि दुखण्याचा प्रश्नही मिटल्यासारखा वाटला.

तो मिटला नव्हता. माझ्या आईचं पित्ताशय असंच काढलं. रात्री ती म्हणाली, "पोटापेक्षा खांदा जास्त दुखतोय गं." वॉर्डातून उत्तर आलं, "मावशी, खांद्याला आम्ही हातच लावलेला नाही." आई गप्प झाली. आपण काहीतरी चुकीचं बोललो असं तिला वाटलं.

ती बरोबर होती. दुर्बिणीने नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने छाती आणि पोट यांमधला पडदा ताणला जातो. या पडद्याची नस निघते मानेतून, जिथून खांद्याच्या त्वचेच्या नसाही निघतात. मेंदूची गफलत होते आणि पडद्याचं दुखणं खांद्याच्या नावावर जमा होतं. म्हणजे या ऑपरेशननंतर वेदनेच्या तीन वाटा असतात: पोटाच्या भिंतीवरची छिद्रं, आतला अवयव आणि हा पडदा.

पहिली वाट बंद करायचा सुटसुटीत मार्ग 2001 मध्ये डॉ. रफी यांनी मांडला. पोटाच्या बाजूच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर असतात. बरगड्यांखालून येणाऱ्या नसा आतल्या दोन थरांच्या मधून पुढे जातात. तिथे औषध सोडलं तर ते पसरतं आणि एकाच वेळी बऱ्याच नसा बधिर करतं. सुई कुठे घालायची? कमरेच्या वर एक छोटा त्रिकोण असतो. अठराव्या शतकातल्या झां-लुई पेती या फ्रेंच सर्जनचं नाव त्याला आहे. तिथे सुई थर ओलांडताना हाताला जाणवणारा हलका झटका मोजायचा. 2007 च्या सुमारास सोनोग्राफी आली आणि अंदाजाचं काम पडद्यावर दिसू लागलं. यालाच भूलतज्ज्ञ 'टॅप ब्लॉक' म्हणतात.

ही जादू नाही. टॅप ब्लॉक फक्त भिंतीची वाट बंद करतो. आतल्या अवयवाची आणि खांद्याची वाट उघडीच राहते. काही तासांनी तो उतरतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत छिद्रांच्या जागी नीट दिलेलं साधं इंजेक्शनही अनेक अभ्यासांत जवळपास तेवढंच उपयोगी ठरलं आहे. औषध चुकून रक्तात जास्त गेलं तर हृदयाला धोका असतो, म्हणून मात्रा वजनानुसार मोजावी लागते. हेन्रिक केलेट या डॅनिश सर्जनने 1990 च्या दशकात आग्रहाने मांडलं ते यामुळेच: वेदनेवर एकच औषध शोधू नका, पॅरासिटामॉलसारख्या साध्या गोळ्या, ब्लॉक आणि लागलंच तर थोडं मॉर्फिन, असं मिळून वापरा.

भारतात याला आणखी एक बाजू आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन बाळगणं इतकं किचकट झालं की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये कायदा सुधारला, पण सवयी हळू बदलतात. जिथे मॉर्फिन सहज मिळत नाही, तिथे वीस-तीस मिलिलिटर बधिरीचं औषध आणि ते कुठे टोचायचं याचं ज्ञान फार मोलाचं ठरतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटायला येतात. ॲलर्जी आहे का, दात हलतात का, दमा आहे का, असं विचारतात. आपण मान डोलावतो आणि सही करतो. त्या पाच मिनिटांत आपणही विचारावं: "भूल उतरल्यावर दुखण्याचं काय करणार आहात? ब्लॉक देणार की छिद्रांच्या जागी इंजेक्शन? रात्री दुखलं तर कुणाला सांगायचं?" या प्रश्नांची उत्तरं शोधताना काहींनी स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग केले आणि पाठीत सुया टोचून घेतल्या. आपल्याला फक्त विचारायचं आहे.