फोक्सवॅगन

फोक्सवॅगन : जर्मनीतील एक जगप्रसिद्ध मोटारगाडी उत्पादक उद्योग. जर्मन भाषेत ‘फोक्सवॅगन’ या शब्दाचा अर्थ ‘लोकांची गाडी’ असा आहे. मुख्यालय लोअर सॅक्सनी राज्यातील व्होल्फ्सबुर्क येथे, मिटेललांट कालव्याच्या काठी आहे. स्थापनेपासून शासनाशी निकटचा संबंध, दुसऱ्या महायुद्धातील वेठबिगारी, युद्धोत्तर काळातील विस्मयकारक उत्कर्ष आणि २०१५ मधील डीझेल-गैरव्यवहार यांमुळे या उद्योगाचा इतिहास हा केवळ एका कंपनीचा इतिहास राहत नाही. विसाव्या शतकातील जर्मनीच्या सामाजिक व राजकीय स्थित्यंतरांचे प्रतिबिंब त्यात पडलेले दिसते.

पार्श्वभूमी व स्थापना : सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटारगाडी तयार करण्याची कल्पना जर्मनीत १९२०–३० या दशकातच रुजली होती. हान्स लेडव्हिंका, एडमुंट रुंपलर, योझेफ गांट्स इ. अभियंत्यांनी मागील बाजूस एंजिन, वायुप्रवाहाला अनुकूल असा बाह्य आकार व स्वतंत्र चाक-निलंबन या दिशांनी प्रयोग केले होते. त्यामुळे ही गाडी एकट्या हिटलरची किंवा एकट्या पोर्शे यांची निर्मिती होय, हा रूढ समज इतिहासाला धरून नाही. १९३३ मध्ये सत्तेवर आलेल्या नाझी राजवटीने मात्र या कल्पनेचे प्रचारमूल्य ओळखले. २२ जून १९३४ रोजी जर्मन मोटार उद्योगाच्या संघटनेने फेर्डिनांट पोर्शे (१८७५–१९५१) यांच्याशी अशा गाडीचा आराखडा तयार करण्याचा करार केला.

गाडीची विक्री-किंमत ९९० राइख्समार्क असावी, असे ठरविण्यात आले. त्या काळी बाजारातील स्वस्त गाड्यांपैकी एक असलेल्या ओपेल पी-४ या गाडीची किंमत १,४५० राइख्समार्क होती. खाजगी कारखानदारांना ९९० मार्कांत गाडी विकणे किफायतशीर वाटेना. तेव्हा ही योजना रोबेर्ट लाय याच्या नेतृत्वाखालील जर्मन श्रमिक आघाडीकडे सोपविण्यात आली. या आघाडीने १९३३ मध्ये स्वतंत्र कामगार संघटना मोडून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली होती व कारखान्याच्या भांडवलाचा काही भाग त्याच मालमत्तेच्या विक्रीतून उभा राहिला. २८ मे १९३७ रोजी कंपनीची स्थापना झाली. २६ मे १९३८ रोजी फाल्लर्सलेबेनजवळ हिटलरच्या हस्ते कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली. शेजारी नवे नगर वसविण्यात येऊन गाडी व नगर या दोहोंना श्रमिक आघाडीच्या ‘आनंदातून सामर्थ्य’ या उपक्रमाचे नाव देण्यात आले.

बचत योजना : गाडी घेऊ इच्छिणाऱ्याने दर आठवड्यास किमान ५ मार्कांचे तिकीट विकत घेऊन पुस्तिकेत चिकटवावे, अशी योजना होती. नुसती मूळ किंमत भरून होण्यास १९८ आठवडे, म्हणजे जवळजवळ चार वर्षे लागत. विमा व गाडी घरपोच करण्याचा खर्च वेगळा होता. जमा रकमेवर व्याज मिळत नसे. सु. ३,३६,००० लोकांनी या योजनेत नावे नोंदविली. परंतु त्यांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही, कारण १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच कारखाना लष्करी उत्पादनाकडे वळविण्यात आला. युद्धानंतर बचतदारांनी न्यायालयात धाव घेतली. हे प्रकरण १९६१ मध्ये तडजोडीने मिटले. तीनुसार पूर्ण हप्ते भरलेल्यांना नव्या गाडीच्या किंमतीत ६०० मार्कांपर्यंत सूट किंवा रोख १०० मार्क देण्यात आले.

युद्धकाळ व वेठबिगारी : युद्धकाळात कारखान्यात प्रामुख्याने ‘क्यूबेलवागेन’ ही हलकी लष्करी गाडी (सु. ५०,०००) व ‘श्विमवागेन’ ही जमिनीवर व पाण्यात चालणारी गाडी (सु. १४,०००) तयार झाली. यांशिवाय विमान-दुरुस्ती, व्ही-१ या उडत्या बाँबचे भाग, सुरुंग इत्यादींचे उत्पादनही तेथे होत असे. जर्मन कामगार सैन्यात गेल्याने पडलेली तूट पोलंड, सोव्हिएट रशिया, फ्रान्स, नेदर्लंड्स, इटली इ. देशांतून सक्तीने आणलेले कामगार, युद्धकैदी व छळछावण्यांतील बंदी यांच्याकरवी भरून काढण्यात आली. युद्धकाळात एकूण सु. २०,००० लोकांना येथे सक्तीने राबविण्यात आले, त्यांत सु. ५,००० छळछावण्यांतील बंदी होते. १९४४ मध्ये एकूण कामगारांपैकी सु. दोन-तृतीयांश या वर्गातील होते.

या काळातील सर्वांत काळाकुट्ट प्रसंग र्‍यूएन येथील बालगृहाचा होय. पोलंड व सोव्हिएट रशिया येथून आणलेल्या स्त्री-कामगारांची तान्ही मुले आयांपासून तोडून या गृहात ठेवण्यात येत. उपासमार, अस्वच्छता व रोगराई यांमुळे तेथे साडेतीनशेहून अधिक अर्भके दगावली. या गृहाची जबाबदारी असलेल्या कारखान्याच्या वैद्याला ब्रिटिश लष्करी न्यायालयाने १९४६ मध्ये देहान्ताची शिक्षा ठोठावली व १९४७ मध्ये तिची अंमलबजावणी झाली.

ब्रिटिश नियंत्रण (१९४५–४९) : अमेरिकेच्या बाँबहल्ल्यांत कारखान्याची मोठी हानी झाली होती. युद्धसमाप्तीनंतर तो ब्रिटिश लष्करी प्रशासनाच्या ताब्यात आला. नगराचे नाव बदलून व्होल्फ्सबुर्क असे ठेवण्यात आले. यंत्रसामग्री मोडून युद्धाच्या भरपाईपोटी नेण्याचा विचार चालू होता. तथापि मेजर आयव्हन हर्स्ट (१९१६–२०००) या ब्रिटिश अभियंता-अधिकाऱ्याने युद्धपूर्व गाडीचा एक नमुना आपल्या वरिष्ठांसमोर ठेवला. वाहनांची तीव्र टंचाई असलेल्या ब्रिटिश सैन्याने २०,००० गाड्यांची मागणी नोंदविली. २७ डिसेंबर १९४५ रोजी नियमित उत्पादन सुरू झाले व वर्षअखेरीपर्यंत ५५ गाड्या तयार झाल्या. पोलाद, कोळसा व अन्नधान्य यांची टंचाई असतानाही १९४६ मध्ये सु. १०,००० गाड्या तयार झाल्या. कारखाना पाहून गेलेल्या ब्रिटिश मोटार उद्योगातील तज्ञांना मात्र ही गाडी व्यापारी दृष्ट्या आकर्षक वाटली नाही. हर्स्टने कारखान्यात गुणवत्ता-तपासणी, विक्रेत्यांचे जाळे व विक्रीनंतरची सेवा यांचा पाया घातला. ८ ऑक्टोबर १९४९ रोजी ब्रिटिशांनी कारखाना पश्चिम जर्मन शासनाच्या स्वाधीन केला. त्याचे प्रशासन लोअर सॅक्सनी राज्याकडे सोपविण्यात आले.

नोर्टहोफ यांची कारकीर्द : जानेवारी १९४८ मध्ये ओपेल कंपनीतील अनुभवी अभियंता हाइनरिख नोर्टहोफ (१८९९–१९६८) कारखान्याचे प्रमुख झाले. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या चलन-सुधारणेने मागणीला चालना मिळाली. दरवर्षी नवे रूप देण्याची अमेरिकन पद्धत नोर्टहोफ यांनी नाकारली. एकच गाडी घेऊन तिच्या अंतर्गत भागांत सातत्याने सुधारणा करीत राहणे, सुटे भाग सर्वत्र उपलब्ध ठेवणे व निर्यातीवर भर देणे ही त्यांच्या धोरणाची सूत्रे होती. मागील बाजूस बसविलेले, हवेने थंड होणारे चार सिलिंडरांचे एंजिन ही गाडीची प्रमुख यांत्रिक वैशिष्ट्ये होत. पाण्याची जरूरी नसल्याने कडाक्याच्या थंडीत वा वाळवंटी प्रदेशात ती सारख्याच खात्रीने चालत असे. तिच्या घाटामुळे लोक तिला ‘केफर’ (भुंगेरा) म्हणू लागले. ‘बीटल’ हे नाव त्याचेच इंग्रजी रूप होय. १९५० मध्ये याच यंत्ररचनेवर आधारलेले ‘ट्रान्सपोर्टर’ हे मालवाहू व प्रवासी वाहन बाजारात आले. ५ ऑगस्ट १९५५ रोजी दहा लाखावी बीटल गाडी तयार झाली.

अमेरिकेत या गाडीने मिळविलेले यश विशेष उल्लेखनीय आहे. हिटलरच्या नावाशी निगडित असलेली गाडी युद्धानंतर पंधरा वर्षांच्या आत तेथील सुशिक्षित तरुण वर्गाची आवडती गाडी बनली. १९५९ पासून डॉइल डेन बर्नबाक या जाहिरात-संस्थेने गाडीचा लहानपणा व साधेपणा हेच तिचे गुण म्हणून मांडले. या जाहिराती जाहिरातकलेच्या इतिहासात मानदंड ठरल्या. १९७० मध्ये कंपनीने अमेरिकेत साडेपाच लाखांहून अधिक गाड्या विकल्या. या यशाची दुसरी बाजू अशी, की गाडीच्या लौकिकाने कारखान्याचा भूतकाळ झाकला गेला. १९६२ पासून व्होल्फ्सबुर्क येथे इटालियन कामगार मोठ्या संख्येने आणण्यात आले, तेव्हा वीस वर्षांपूर्वी त्याच कारखान्यात इटालियन युद्धबंदी राबले होते, याची फारशी चर्चा झाली नाही.

मालकी व फोक्सवॅगन कायदा : कारखान्याचा खरा मालक कोण, हा वाद संघशासन व लोअर सॅक्सनी यांच्यात अनेक वर्षे चालला. १९६० च्या कायद्यानुसार कंपनीचे भागभांडवली मंडळीत रूपांतर करण्यात आले. ६० टक्के भाग १९६१ मध्ये जनतेला विकण्यात आले आणि संघशासन व राज्यशासन यांनी प्रत्येकी २० टक्के भाग राखून ठेवले. अल्प उत्पन्न गटातील खरेदीदारांना सवलत देण्यात आली. लक्षावधी लहान भागधारक निर्माण झाले. विक्रीच्या उत्पन्नातून वैज्ञानिक संशोधनास साहाय्य करणारे फोक्सवॅगन प्रतिष्ठान स्थापन झाले. महत्त्वाच्या निर्णयांस ८० टक्के मतांची अट असल्याने लोअर सॅक्सनीला नकाराधिकार मिळाला. या कायद्यातील काही तरतुदी यूरोपीय न्यायालयाने २००७ मध्ये अवैध ठरविल्या. तथापि सुधारित कायदा २०१३ मध्ये ग्राह्य मानण्यात आला. कामगार प्रतिनिधी व राज्यशासन यांचे पर्यवेक्षक मंडळातील वर्चस्व हे या कंपनीचे वेगळेपण होय. या व्यवस्थेमुळे रोजगाराला संरक्षण मिळाले. १९९४ मध्ये कामगार-कपात टाळण्यासाठी चार दिवसांचा (२८·८ तासांचा) आठवडा अंमलात आला. मात्र निकटच्या संबंधांतून गैरप्रकारही उद्भवले. कामगार प्रतिनिधींना गैरवाजवी लाभ दिल्याचे प्रकरण २००५ मध्ये उघडकीस आले आणि त्यात व्यवस्थापन मंडळाचे एक सदस्य पेटर हार्ट्स यांना २००७ मध्ये शिक्षा झाली.

संकट व विस्तार : एकाच गाडीवर दीर्घकाळ विसंबून राहण्याचे परिणाम १९७० नंतर जाणवू लागले. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी बीटलने फोर्डच्या ‘मॉडेल टी’ या गाडीचा उत्पादन-विक्रम मोडला. परंतु १९७४ मध्ये कंपनीला ८० कोटी मार्कांहून अधिक तोटा सोसावा लागला. १९६५ मध्ये आउटो-युनियन व १९६९ मध्ये एन्‌एस्‌यू या कंपन्या घेतल्याने पुढील चाकांना गती देणाऱ्या, पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनांचे तंत्र उपलब्ध झाले होते. त्यातून पासाट (१९७३), गोल्फ (१९७४) व पोलो (१९७५) या गाड्या निर्माण होऊन कंपनी सावरली. बीटलचे उत्पादन मेक्सिकोतील प्वेब्ला येथे ३० जुलै २००३ पर्यंत चालू होते. एकूण २,१५,२९,४६४ गाड्या तयार झाल्या. स्पेनमधील सेआट (१९८६), चेक प्रजासत्ताकातील स्कोडा (१९९१) व पुढे बेंटली, बुगाट्टी, लांबोर्गिनी (१९९८) या कंपन्या समूहात आल्या. चीनमध्ये १९८४ मध्ये शांघाय येथे संयुक्त उद्योगाचा करार झाला. पोर्शे यांचे नातू फेर्डिनांट पीएख (१९३७–२०१९) यांच्या कारकीर्दीत समूहाचा विशेष विस्तार झाला. २०१९ मध्ये समूहाने सु. १·१ कोटी वाहने विकली.

भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, समूहाचा प्रवेश स्कोडाच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील कारखान्याने २००१ मध्ये झाला. पुण्याजवळील चाकण येथील फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्‌घाटन ३१ मार्च २००९ रोजी झाले. २०१९ मध्ये समूहाच्या भारतीय कंपन्यांचे एकत्रीकरण करण्यात आले.

भूतकाळाचा स्वीकार : १९८६ मध्ये कंपनीने हान्स मोमझेन या इतिहासकाराकडे नाझी काळातील कारखान्याच्या इतिहासाचे संशोधन सोपविले. मोमझेन व मानफ्रेट ग्रीगर यांचा विस्तृत ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९८ मध्ये कंपनीने वेठबिगारांसाठी २ कोटी मार्कांचा निधी उभारला व १९९९ मध्ये कारखान्यातील एका जुन्या हवाईहल्ला-आश्रयस्थानात स्मृतिस्थळ खुले केले. तोवर पीडितांपैकी अनेकजण हयात नव्हते. ब्राझीलमधील लष्करी राजवटीच्या काळात तेथील उपकंपनीच्या सुरक्षा विभागाने शासनाशी केलेल्या सहकार्याबद्दल २०२० मध्ये भरपाईचा करार करण्यात आला.

डीझेल-गैरव्यवहार : १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीवर प्रदूषणविषयक कायद्याच्या उल्लंघनाचा आरोप ठेवला. प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे, हे ओळखणारी आज्ञावली डीझेल गाड्यांत बसविली होती. चाचणीच्या वेळीच उत्सर्जन-नियंत्रण पूर्णपणे कार्य करी. प्रत्यक्ष रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण मर्यादेच्या चाळीसपटींपर्यंत जाई. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये केलेल्या रस्त्यावरील मापनांतून हा संशय बळावला होता. जगभर सु. १·१ कोटी वाहनांत ही आज्ञावली होती. प्रमुख मार्टीन व्हिंटरकोर्न यांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकन न्यायालयात गुन्हा कबूल केला. दंड, भरपाई व गाड्या परत घेणे यांवरील एकूण खर्च ३,००० कोटी यूरोंहून अधिक झाला. भारतात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी कंपनीविरुद्धच्या सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली. ब्राउनश्वाइक येथील न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरविले.

त्यानंतर कंपनीने विद्युत्‌ गाड्यांवर भर दिला. मात्र चीनमधील स्पर्धा व वाढता उत्पादन-खर्च यांमुळे डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत जर्मनीतील ३५,००० हून अधिक नोकऱ्या कमी करण्याचा करार कामगार संघटनांशी करावा लागला.

मूल्यमापन : फोक्सवॅगनचा लौकिक मुख्यतः विश्वासावर उभा राहिला. पहिल्या बचतदारांच्या विश्वासाचा शासनाने भंग केला. युद्धोत्तर पिढीने साधी, टिकाऊ गाडी व तत्पर सेवा यांच्या बळावर तो नव्याने संपादन केला. २०१५ मध्ये तो भंगला, तेव्हा मात्र युद्ध वा हुकूमशाही यांकडे बोट दाखविणे शक्य नव्हते. लोकशाही देशातील सुस्थित कंपनीच्या अभियंत्यांनी व व्यवस्थापकांनीच तो मोडला होता. तांत्रिक कौशल्य व सार्वजनिक उत्तरदायित्व या दोन भिन्न गोष्टी असून पहिलीने दुसरीची उणीव भरून निघत नाही, ही गोष्ट या उद्योगाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.