उकिरड्याचे दैव

वाचकहो, बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते, असे आपल्याकडे म्हणतात. पण त्याला बारा वर्षे ताटकळत कशाला ठेवायचे? तीन महिन्यांतच त्याचे सोने व्हावे, अशी खटपट इंदुरात झाली. ती हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ 1905 साली बिहारमधल्या पुसा येथील सरकारी शेतीसंस्थेत आले. आपल्या शेतकऱ्याला शिकवण्याआधी त्याच्यापासून शिकावे, अशी त्यांची वृत्ती. 1924 मध्ये होळकरांच्या इंदुरात वनस्पतिसंशोधनाची संस्था निघाली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. यशवंत वाड हे तिथले त्यांचे सहकारी. शेतातल्या टाकाऊ मालाचे खत कसे करावे, यावर दोघांनी मिळून 1931 साली पुस्तक प्रसिद्ध केले. तीच ही ‘इंदूर पद्धत’.

रीत अगदी साधी. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद असा उथळ खड्डा घ्यायचा. त्यात गवत, धसकटे, पालापाचोळा यांचे थर घालायचे. मधूनमधून शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि लाकडाची राख. बेताने पाणी शिंपायचे आणि तीन वेळा सारे उलथेपालथे करायचे. का बरे? खत करतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यांना हवा लागते, ओल लागते. दोन्ही बेताची असली की ढीग पोटातून 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्या धगीत तणाचे बी मरते, रोगजंतूही मरतात.

हे झाले खेड्याचे. शहराच्या केराचे काय? जॅक्सन आणि वाड यांनी हीच रीत वस्तीतल्या केरकचऱ्याला व मैल्याला लावून 1934 साली तिची माहिती छापली. पुढे 1939 मध्ये डॉ. आचार्य यांनी बंगलोरला शहरी कचऱ्याची निराळी रीत बसवली. तीत कचरा व मैला थराथराने भरून खड्डा झाकून ठेवायचा, उलथापालथ नाही.

तिकडे इंग्लंडात मे ब्रूस नावाच्या बाईंनी वेगळाच प्रयोग मांडला. यारो, कॅमोमाइल, डँडेलियन, अंगाला लागताच आग करणारी नेटल, व्हॅलेरियन, ओकची साल आणि थोडा मध यांचे अगदी पातळ पाणी करून त्या ढिगात सोडत. मूळ कल्पना रुडॉल्फ स्टायनर यांच्या 1924 सालच्या व्याख्यानांतली. बाईंनी ती सोपी केली आणि 1946 साली आपल्या पुस्तकात सांगितली. घरच्या बागेत सामान्य माणसाला खत करता यावे, हा त्यांचा हेतू. मात्र एवढ्याशा वनस्पतींनीच खत लवकर होते, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. बाईंचा ढीगही नीट रचलेला असे, हे विसरू नये.

मग खरे विरजण कोणते? वाळका पाला! स्वयंपाकघरातला केर ओला, नत्राने भरलेला. तो एकटा ठेवला तर सडतो, घाण मारतो. नत्राच्या एका भागाला कर्बाचे पंचवीस-तीस भाग लागतात. ते वाळका पाला, उसाचे पाचट, लाकडाचा भुसा यांतून मिळतात. गुरुजी, शाळेच्या आवारात दोन ढीग लावून पाहा. एकात ओल्या केराबरोबर पाला मिसळा, दुसऱ्यात नुसता ओला केर टाका. आठवड्याभरात मुलांचे नाकच उत्तर देईल.

आणखी एक गोष्ट. हॉवर्डसाहेबांच्या काळी केरात प्लॅस्टिक नव्हते. आज शहरातून आलेल्या खतात काचेचा तुकडा, पिशवीची चिंधी निघाली, तर शेतकरी ते शेतात का घालील? शेतातला कस धान्यातून, भाजीतून शहरात जातो. तो परत यायचा रस्ता तिथेच अडतो. म्हणून ओले-सुके वेगळे करण्याचे काम घरातच झाले पाहिजे. त्याच इंदुराने 2017 पासून सलग सात वर्षे देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिला क्रमांक राखला, तो घरोघरी केर वेगळा करण्याच्या बळावर. उकिरड्याचे दैव उघडायचे असेल, तर ते आपल्या चुलीपाशीच उघडते, नाही का?